दोन ऑपरेटरांचं भांडण, मालक म्हणतात एकाला काढ

वैतागलेला_सुपरवायझर
नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत छोट्या मशीन शॉपमधे सुपरवायझर आहे, तीन सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीन), सगळे धरून चौदा जण. एकाच लेथवर फर्स्ट शिफ्टला आमचे मामा (वय ५२, सगळेच मामा म्हणतात, मी पण) आणि सेकंडला आयटीआय करून आलेला एक पोरगा, हात चांगला आहे त्याचा. जॉब (बनवायचा पार्ट) बेअरिंगच्या बोअरचा, म्हणजे बेअरिंग बसायच्या भोकाचा, ६२ एच-सेव्हन (६२ मिमी, एच-सेव्हन म्हणजे मापात किती फरक चालतो त्याचा कोड). दोन महिने झाले दोघांचं जमत नाहीये. मामा म्हणतात हा ऑफसेट (टूल कुठपर्यंत जाईल ते ठरवणारा मशीनमधला आकडा) काहीतरी करून ठेवतो, सकाळी पहिले पाच-सहा जॉब रिजेक्टच जातात, पोरगा म्हणतो मी मापात लावून जातो, मामा सगळं हलवून ठेवतात आणि मग साडेतीनला मला परत पहिल्यापासून. मामांनी इन्सर्टचा (टूलच्या कापणाऱ्या टिपांचा) डबा स्वतःच्या लॉकरला टाकला. मग पोराने मशीनच्या दारावर मास्किंग टेप चिकटवून मार्करने लिहिलं, "मायक्रोमीटर वाचता येत नसल्यास ऑफसेटला हात लावू नये." लातूरचा आहे तो, पण दोन वर्षांत पुण्याचं पाणी लागलं. मला हसू आलं, मामांना नाही आलं.

मागच्या शुक्रवारी शिफ्ट बदलताना हात धुवायच्या जागी थेट कॉलर धरली, आधी कोणी यावर दोन मतं. मी सगळ्यांसमोर हात मिळवायला लावले, मिळवले, आणि त्याच रात्री व्हॉट्सॅप ग्रुपवर परत सुरू. मालक म्हणतात एकाला काढ. मामा अकरा वर्षं जुने, पोरगा गेला तर सेकंड शिफ्टच बंद. काय करू?

कटिंग_स्पेशल
दोघांना मिसळ खायला न्या. बिल अर्धं अर्धं 😀

वैतागलेला_सुपरवायझर
नेलं होतं दादा. दोघं वेगवेगळ्या टेबलवर बसले.

शॉपफ्लोअर_३२वर्षं
सगळ्यांसमोर हात मिळवायला लावले तिथे घोळ झाला. मामांना वाटलं काल आलेल्या पोरासमोर मला वाकवलं, पोराला वाटलं माझी चूक नसताना माफी मागायला लावली. आता एकेकाला वेगळं घेऊन बसा, केबिनमधे नको (काचेतून अख्खं शॉप बघतं), बाहेर टपरीवर. 'तो कसा आहे' हे विचारायचंच नाही, रात्र संपेल पण उत्तर संपणार नाही. कुठला जॉब, कुठल्या वेळेला, माप किती आलं, एवढंच. आणि एकाचं दुसऱ्याला जाऊन सांगू नका, मी एकदा चांगल्या मनाने सांगितलं होतं तर दोघांनी मिळून मलाच धरलं.

दुसरं, तुम्ही शुक्रवार लिहिलंय. सुट्टी गुरुवारी ना तुमच्याकडे? मग रिजेक्शनच्या तारखा काढा आधी. बुधवारी रात्री बाराला पोरगा मशीन बंद करतो तेव्हा स्पिंडल (जॉब धरून फिरवणारा भाग) तापलेलं असतं आणि ऑफसेट त्या हिशोबाने बसलेलं, मग मशीन ३१ तास गार पडून. शुक्रवारी सातला मामा सायकल स्टार्ट करतात, माप हुकणारच. स्टील मीटरमागे एका डिग्रीला ११-१२ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतं आणि ६२ एच-सेव्हनला टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, सगळा मिळून ३० मायक्रॉन. मग मामा ऑफसेट हलवणार, दुपारपर्यंत मशीन तापणार, माप परत सरकणार, साडेतीनला पोरगा येऊन कपाळाला हात लावणार. दोघंही खरं बोलत असतील. वॉर्म-अप प्रोग्राम चालवता का?

एचआर_बाई
वरच्या काकांचं पटलं, पण ऑफसेटचं काही निघालं तरी कॉलरचं सोडून देऊ नका, चालू मशीनच्या आसपास झटापट म्हणजे काय होऊ शकतं हे तुम्हाला मी सांगायला नको. दोघांना लेखी पत्र द्या, मजकूर शब्दाला शब्द सारखा, आणि खुलासा त्यांच्याच हाताने मराठीत लिहून घ्या. बघणारे जे दोन-तीन असतील त्यांचंही. चौकशी न करता एकाला काढलंत आणि तो लेबर कोर्टात गेला तर तेव्हा हेच मालक म्हणतील, सुपरवायझरने काढला.

वैतागलेला_सुपरवायझर
अपडेट. रजिस्टर काढलं. निम्म्याहून जास्त रिजेक्ट शुक्रवारी सकाळचे, बाकीचे कशाने ते अजून कळलं नाही. वॉर्म-अप चालवतच नव्हतो, आता सातला वीस मिनिटं स्पिंडल नुसतं फिरवतो, पहिला पीस मी मोजतो, आणि ऑफसेट बदललं की आकडा, वेळ, सही वहीत. मालकांना वीस मिनिटं खुपतायत. पत्रं दिली, मामांनी घेतलं पण दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पोराने टेप स्वतःच काढली, डाग राहिलाय दारावर.

इन्सर्टचा डबा अजून मामांच्याच लॉकरमधे आहे, फक्त एक किल्ली आता माझ्याकडे.