हायपरकॉलच्या फिक्सचा रिव्ह्यू करताना नेमकं काय बघायचं?

खडकवासला_बिट

नमस्कार मंडळी. पुण्यात एका छोट्या कंपनीत आहे. केव्हीएममध्ये (लिनक्समधला हायपरवायझर, म्हणजे एका मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारा थर) आमचे स्वतःचे काही हायपरकॉल (व्हर्च्युअल मशीनने, म्हणजे गेस्टने, होस्टकडे काम मागायची हाक) घालून आम्ही एक प्रॉडक्ट चालवतो. मी मूळचा ड्रायव्हरवाला, हायपरवायझरच्या कोडला आजवर हात लावला नव्हता. आता सिनियर रजेवर गेलेत आणि जाता जाता एका पॅचचा रिव्ह्यू माझ्या गळ्यात टाकून गेलेत.

प्रकार असा आहे. हायपरकॉल करताना गेस्ट आपल्या मेमरीतल्या एका पानाचा पत्ता देतो. पानाच्या सुरुवातीला छोटं हेडर, त्यात पुढे किती नोंदी आहेत तो आकडा, आणि मग त्या नोंदी. होस्टच्या बाजूला ६४ नोंदींचा बफर आहे. आकडा कुणी तपासतच नव्हतं, त्यामुळे लूप बफरच्या बाहेर जात होता. हा झाला बग.

फिक्समध्ये आधी फक्त हेडर कॉपी करून आकडा ६४ पेक्षा मोठा आहे का ते बघितलंय. मोठा असेल तर एरर देऊन परत. नसेल तर हेडर आणि ६४ नोंदी मावतील एवढा सगळा भाग एकदम त्या बफरमध्ये कॉपी करायचा आणि बफरमधल्या हेडरच्या आकड्यावर लूप चालवायचा. डिफ जेमतेम दहा ओळींचा, टेस्ट सगळ्या पास. मला तरी बरोबर वाटतोय. पण खाली रिव्ह्यू केला म्हणून माझं नाव लागणार, आणि इतक्या पटकन बरोबर वाटलं म्हणूनच जरा धाकधूक आहे. तुम्ही लोक अशा वेळी काय बघता?

सह्याद्री६४

दहा ओळींचा पॅच, टेस्ट पास, मग ओके करून टाक की राव. आणि गेस्टमधला ड्रायव्हरही तुमचाच असणार ना? तो कशाला वेडावाकडा आकडा पाठवेल?

रिंग_उणे_एक

ओके करू नकोस. या पॅचने भोक बुजलेलं नाही, लहान झालंय एवढंच.

उत्तर तुझ्याच वर्णनात आहे. हेडर एकदा कॉपी झालं आणि त्यातला आकडा तपासला. मग हेडरसकट सगळं परत कॉपी झालं आणि लूप चालला तो या दुसऱ्या कॉपीतल्या आकड्यावर. तपासला एक, वापरला दुसरा! पान गेस्टचं आहे. एक व्हीसीपीयू (गेस्टचा व्हर्च्युअल प्रोसेसर) हायपरकॉलमध्ये अडकलेला असताना दुसरा मोकळाच असतो, आणि त्याने दोन कॉपींच्या मध्ये ३ चे ३००० केले की तुमचा जुना बग जसाच्या तसा परत. मधला वेळ अगदी चिमूटभर असतो हे मान्य, पण गेस्टला कुठे घाई आहे? तो रात्रभर लूप लावून बसेल. याला डबल फेच म्हणतात आणि हायपरकॉलच्या कोडमध्ये हा आजार जुना आहे.

दुरुस्ती सोपी आहे. हेडर एकदाच घ्या, आकडा लोकल व्हेरिएबलमध्ये ठेवा, दुसऱ्या कॉपीत हेडर घेऊच नका. फक्त नोंदी घ्या, त्याही तपासलेल्या आकड्याएवढ्याच.

कॉपी न करता पान थेट मॅप करून वाचत असाल तर आणखी जपून. झेन या दुसऱ्या हायपरवायझरची डिसेंबर २०१५ मधली सुरक्षा-सूचना, एक्सएसए-१५५, काढून वाच. तिथे काही बॅकएंड (होस्टच्या बाजूचे) ड्रायव्हर गेस्टबरोबरच्या सामायिक मेमरीतून व्हॅल्यू वाचत होते. सोर्समध्ये बघितलं तर एकदाच वाचलेली दिसते. पण स्विचचं जंप टेबल करताना कंपायलरने ती मर्यादेशी ताडायला एकदा आणि उडी मारायला पुन्हा एकदा मेमरीतून उचलली. सी वाचून हे कुणाला दिसणार? म्हणून अशा ठिकाणी रीड-वन्स (मेमरीतून एकदाच वाचायला लावणारा मॅक्रो) आहे का, किंवा आधी आपली स्वतःची प्रत केली आहे का, ते बघायचं.

माझी पद्धत विचारशील तर मी डिफ सगळ्यात शेवटी वाचते. आधी पूर्ण फंक्शन उघडून गेस्टच्या हातातली प्रत्येक व्हॅल्यू शोधते. केव्हीएममध्ये हायपरकॉलचा नंबर आरएएक्समध्ये येतो आणि चार आर्ग्युमेंट आरबीएक्स, आरसीएक्स, आरडीएक्स, आरएसआयमध्ये. ही रजिस्टरं गेस्टला मधेच बदलता येत नाहीत, कारण तो व्हीसीपीयू बाहेर येऊन थांबलेला असतो. त्यांच्यातल्या पत्त्यावरून जे वाचतो ते मात्र केव्हाही बदलू शकतं. हा फरक डोक्यात पक्का बसला की निम्मा रिव्ह्यू झाला. मग प्रत्येक व्हॅल्यूचा माग काढायचा: कुठे तपासली, कुठे वापरली, आणि मध्ये काय घडलं.

@सह्याद्री६४, ड्रायव्हर यांचा असेल, पण गेस्टचा कर्नल ग्राहकाच्या ताब्यात असतो. त्याने रूट होऊन स्वतःचं मॉड्यूल घातलं की तुमचा ड्रायव्हर गेला उडत.

खडकवासला_बिट

बाप रे. ताई, हे माझ्या डोळ्यासमोरून सरळ निघून गेलं होतं. पण मग ज्यात मेमरीचा पत्ताच नाही, सगळं रजिस्टरमधूनच येतं, असे हायपरकॉल सुरक्षित धरायचे का?

रिंग_उणे_एक

अजिबात नाही. लिनक्स ४.१९ मध्ये केव्हीएमला पीव्ही आयपीआय आलं तेच बघ (पीव्ही म्हणजे पॅराव्हर्च्युअल, गेस्टने हायपरवायझरला ओळखून त्याची मदत घ्यायची पद्धत). एका व्हीसीपीयूला अनेकांना इंटरप्ट पाठवायचा असेल तर एकेक करून पाठवण्याऐवजी एकच हायपरकॉल. गेस्ट बिटमॅपचे दोन तुकडे देतो, सगळ्यात लहान एपिक आयडी (व्हीसीपीयूच्या इंटरप्ट कंट्रोलरचा क्रमांक) देतो आणि आयसीआर (कोणता इंटरप्ट, कसा पाठवायचा ते सांगणारी व्हॅल्यू). होस्ट बिटमॅपमधला प्रत्येक लागलेला बिट घेतो, त्यात तो लहान आयडी मिळवतो आणि त्या जागेवरचा व्हीसीपीयू टेबलातून उचलतो.

सगळं रजिस्टरमधून, डबल फेचचा प्रश्नच नाही. पण तो ‘सगळ्यात लहान आयडी’ देणारा गेस्टच! तो टेबलाच्या आकाराशी ताडलाच नव्हता. शिवाय आयडी हद्दीत असला तरी टेबलात ती जागा रिकामी असू शकते, आणि तिथून पॉइंटर उचलला की होस्ट कोसळणार. फिक्समध्ये दोन्ही आलं: आयडी कमाल एपिक आयडीपेक्षा मोठा असेल तर बाहेर, लूपची लांबी टेबलाच्या टोकापर्यंतच, आणि जागा रिकामी असेल तर पुढे चला. मला त्यातली आवडलेली गोष्ट म्हणजे बिटमॅपच्या दुसऱ्या तुकड्याआधी आयडी पुढे सरकवल्यावर तीच तपासणी पुन्हा केली आहे. बरेच जण पहिल्या लूपला पट्टी बांधून मोकळे होतात.

एवढं होऊनही त्याच फंक्शनला नंतर आणखी एक फिक्स लागला, सीव्हीई-२०१८-१९४०६ (सीव्हीई म्हणजे सुरक्षा-दोषांच्या सार्वजनिक यादीतला क्रमांक). टेबलातल्या जागा रिकाम्या आहेत का ते बघितलं, पण अख्खं टेबलच अजून तयार झालेलं नसेल तर? म्हणून डिफ वाचून झाल्यावर मी एकच प्रश्न धरून बसते: फिक्स लिहिणाऱ्याने ज्या पॉइंटरकडे बघितलं, त्याच्या एक पायरी वर कोण आहे?

आता झेनचं एक उदाहरण सांगते, कारण तुझ्या केससारखंच ते ‘फिक्सचा फिक्स’ आहे. मेमरी एक्स्चेंज नावाचा हायपरकॉल. डिसेंबर २०१२ मध्ये एक्सएसए-२९ आलं: गेस्टने दिलेल्या पत्त्याची नीट तपासणी नव्हती, त्यामुळे हायपरवायझरच्या मेमरीवर लिहिता येत होतं. तपासणी घातली गेली. एप्रिल २०१७ मध्ये एक्सएसए-२१२ आलं, की ती घातलेली तपासणीच अपुरी होती. गूगल प्रोजेक्ट झिरोच्या यान हॉर्नने ते शोधलं, आणि ६४ बिटी पीव्ही गेस्टमधून थेट होस्ट ताब्यात घेता येतो हे करून दाखवलं. मधली चार वर्षं तो कोड सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता.

गंमत अशी, की ६४ बिटीवर तपासणी ॲरेच्या फक्त सुरुवातीच्या पत्त्याची व्हायची. त्यामागचा विचार चुकीचा नव्हता. गेस्टच्या पत्त्यांपासून वर वर लिहीत गेलं तर हायपरवायझरच्या हद्दीच्या आधी नॉन-कॅनॉनिकल (प्रोसेसर वैध मानत नाही अशा) पत्त्यांचा प्रचंड पट्टा लागतो, तिथे फॉल्ट बसतो, विषय संपला. पण हे खरं कधी, तर लिहिणं सुरुवातीपासून ओळीने होत असेल तेव्हा. हा हायपरकॉल लांबला की झेन तो मध्येच सोडतो आणि पुढच्या खेपेला उरलेल्या कामापासून उचलतो. त्यासाठी ‘आतापर्यंत किती झाले’ असं एक फील्ड त्या स्ट्रक्चरमध्ये आहे, आणि ते स्ट्रक्चर गेस्टच्या मेमरीत! गेस्टने पहिल्याच खेपेला तिथे अवाढव्य आकडा भरला की लिहिणं ओळीने सुरू न होता एकदम पट्ट्यापलीकडून सुरू.

तेव्हा तुमचा हायपरकॉल मध्येच थांबून पुन्हा सुरू होत असेल, तर ‘कुठून सुरू’ हा आकडा कुणाच्या घरात ठेवलाय ते आधी बघ.

मेमसेट_शून्य

ताईंनी आत येणाऱ्या डेटाचं सांगितलं, मी बाहेर जाणाऱ्याचं सांगतो. रिव्ह्यूमध्ये लोक तिकडे बघतच नाहीत. केव्हीएमचा क्लॉक पेअरिंग हायपरकॉल होस्टची वेळ गेस्टला एका स्ट्रक्चरमधून देतो. स्ट्रक्चर ६४ बाइटचं: सेकंद, नॅनोसेकंद, टीएससी (प्रोसेसरचा वेळ-काउंटर), फ्लॅग मिळून २८ बाइट, बाकी ३६ बाइट पॅडिंग. व्हेरिएबल स्टॅकवर, कामाची फील्डं सगळी भरलेली, पॅडिंगला कुणी हात लावला नाही, आणि गेस्टला मात्र अख्खं स्ट्रक्चर लिहून दिलं. म्हणजे प्रत्येक कॉलला होस्ट कर्नलच्या स्टॅकवरचे ३६ बाइट गेस्टला फुकट. २०१८ मध्ये पॅडिंग शून्याने भरणाऱ्या एका ओळीच्या मेमसेटने ते मिटलं. तुमच्या हायपरकॉलमध्ये उत्तर परत लिहिलं जात असेल तर हे नक्की बघ.

आणि कॉल करणारा गेस्टच्या रिंग शून्यात (कर्नलच्या, सर्वाधिक अधिकाराच्या पातळीत) आहे का ही तपासणी. २००९ पर्यंत केव्हीएममध्ये ती नव्हती, गेस्टमधला साधा युजर प्रोसेससुद्धा एमएमयूचे (मेमरीच्या मॅपिंगचे) हायपरकॉल करू शकत होता. सीव्हीई-२००९-३२९०. आता ती आहे, पण झेन आणि हायपर-व्ही पद्धतीचे हायपरकॉल त्या तपासणीच्या आधीच वेगळ्या वाटेने निघून जातात. तुमचे कुठे जोडलेत?

खडकवासला_बिट

आत्ताच बघितलं. आमचे तपासणीच्या नंतर आहेत, तेवढं नशीब. गेस्टच्या मेमरीत परत काही लिहीत नाही, फक्त आरएएक्समध्ये उत्तर देतो. अजून दोन प्रश्न. डबल फेच टेस्टमध्ये कसा पकडायचा? आणि आकडा तपासताना ओव्हरफ्लोची भीती असते म्हणतात, ती इथे आहे का?

रिंग_उणे_एक

ओव्हरफ्लो तुमच्या ६४ च्या मर्यादेत नाही, आकडा अनसाइन्ड असेल तर. साइन्ड असेल तर उणे एक आरामात आत शिरेल, तेवढं डिक्लरेशन उघडून बघ. ‘सुरुवात अधिक संख्या’ अशी बेरीज जिथे असते तिथे मात्र बघावंच लागतं. केव्हीएमच्या मॅप जीपीए रेंज हायपरकॉलमध्ये पत्ता पानाच्या सीमेवर आहे का, पानांची संख्या शून्य तर नाही, आणि सुरुवात अधिक संख्या ही सुरुवातीपेक्षा खरंच मोठी आहे का, हे सगळं एकाच अटीत आहे. बेरीज गुंडाळून मागे आली तर तिथेच पकडली जाते. मला ती ओळ फार आवडते.

टेस्टसाठी केव्हीएम-युनिट-टेस्ट्स घे, पूर्ण लिनक्स गेस्ट बूट करत बसू नकोस. त्यात एपिकच्या टेस्टमध्ये पीव्ही आयपीआयला लहान आयडी म्हणून ३२ च्या ३२ बिट लागलेला आकडा पाठवलाय, तो नमुना बघून घे. तुझ्यासाठी दोन व्हीसीपीयू: एक सतत हायपरकॉल मारतो, दुसरा त्याच पानावर ३ आणि ३००० आलटून पालटून लिहितो. होस्टचा कर्नल कासान (मेमरीतल्या चुका पकडणारं साधन) लावून बनव, म्हणजे बफरबाहेरचं पहिलंच वाचन ओरडून सांगेल. जुन्या पॅचवर टेस्ट फेल झाली पाहिजे. ती पास झाली तर टेस्टच चुकलीय असं समज.

सह्याद्री६४

माघार घेतो मंडळी. पण एक विचारतो, एरर म्हणून काय परत द्यायचं? मी असतो तर जो हाताला लागला तो कोड दिला असता.

खडकवासला_बिट

अरे हो, आमच्या पॅचमध्ये मोठ्या आकड्याला उणे १००० परत दिलंय.

रिंग_उणे_एक

ते बदल. केव्हीएममध्ये उणे १००० म्हणजे ‘असा हायपरकॉलच मला माहीत नाही’. गेस्टचा ड्रायव्हर ते बघून ही सोय होस्टमध्ये नाही असं धरून बसला, तर एका चुकीच्या आकड्यापायी पुढचे बरोबर कॉलसुद्धा बंद. चुकीच्या आर्ग्युमेंटला इनव्हॅल दे, पान वाचताच आलं नाही तर फॉल्ट. आणि मर्यादा कोडमध्ये ६४ अशी हाताने लिहिली असेल तर बफरच्या आकारावरून काढायला सांग. उद्या कुणी बफर ३२ चा केला तर ही तपासणी तशीच राहील आणि तुमचं सगळं परत पहिल्यापासून.