यूके झिरो अवर्स : दोन घरांमधल्या प्रवासाचे पैसे मागितले आणि तासच कमी झाले. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी लेस्टरला असते, नवऱ्याच्या व्हिसावर डिपेंडंट. गेले सात महिने एका एजन्सीत केअरर आहे, म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांचं सगळं करायचं. कॉन्ट्रॅक्ट झिरो अवर्सचं. किती तास मिळतील याची हमी नाही, आणि दिलेलं काम मी घ्यायलाच हवं असंही नाही. मुलीच्या शाळेमुळे तेव्हा मला ते सोयीचंच वाटलं.

महिन्यापूर्वीचा एक मंगळवार सांगते. सकाळी सातला पहिलं घर. एकूण आठ घरं, प्रत्येकी अर्धा तास, आणि मध्ये बसने वीस-वीस मिनिटं. शेवटच्या आजींना चहा दिला, त्यांच्या गोळ्यांची चार्टवर नोंद केली आणि बाहेर पडले तेव्हा एक वाजून वीस मिनिटं झाली होती. म्हणजे सहा तास वीस मिनिटं. पैसे मात्र चारच तासांचे, ताशी १३ पाउंडांनी ५२. तासाला सव्वाआठ पाउंडही पडले नाहीत. किमान वेतन एप्रिल २०२६ पासून १२.७१ आहे. भरपगारी सुट्टीचे म्हणून मिळणारे १२.०७ टक्केसुद्धा त्याच चार तासांवर काढलेत.

माझ्या घरापासून पहिल्या घरापर्यंतचा वेळ धरत नाहीत, तो मी मागतही नाही. पण एका घरून दुसऱ्या घरी जाण्याचा वेळ किमान वेतनाच्या हिशोबात धरावाच लागतो. को-ऑर्डिनेटरला फोन केला तर म्हणाली, सगळ्यांना असंच आहे. पुढच्या आठवड्यात रोट्यावर, म्हणजे कामाच्या वेळापत्रकावर, सोळाच कॉल (घरभेटी). आधी पस्तीसच्या खाली कधी नसायचे. त्या शेवटच्या आजींचं कामही माझ्याकडून काढून घेतलं.

किमान वेतन मागितलं म्हणून कामगाराचं नुकसान करणं बेकायदा आहे, एवढं मला कळलंय. पण तास त्याचमुळे कमी केले हे दाखवायचं कसं? लेखी काहीच नाही, सगळं फोनवर झालं. पेस्लिपवर फक्त घरांतले तास येतात. ॲपमधल्या लॉग-इन, लॉग-आउटचे स्क्रीनशॉट मी रोज काढून ठेवतेय, तेवढा पुरावा पुरेल का? आधी एजन्सीकडे लेखी तक्रार द्यावी की थेट एकॅसला (कामगार आणि मालकांमधल्या वादांत मदत करणारी इथली सरकारी संस्था) फोन करावा? दावा करायची मुदत निघून जाईल याची धास्ती वाटते.

इथे कोणी केअरर असेल, किंवा युनियनमार्फत असे पैसे मिळवले असतील, तर पहिलं पत्र कसं लिहिलंत ते कृपया सांगा. मला हे काम सोडायचं नाहीये.