पोरीला शाळेबाहेर शिकवायचं ठरलंय : दहावीची वाट कोणती?

केळीवाला_यावल
राम राम मंडळी. पोरगी १२ वर्षांची, सहावी झाली. तिच्या कलानं घरीच शिकू द्यायचं ठरलंय. पुढे दहावी एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था) करावी की १७ नंबर फॉर्म भरून?

गिरणाकाठ
दादा, १७ नंबर म्हणजे शाळेत न जाता बाहेरून द्यायचा राज्य मंडळाचाच पेपर. आपले खानदेशचे तिन्ही जिल्हे (जळगाव, धुळे, नंदुरबार) नाशिक विभागीय मंडळात येतात. पण त्यात सगळे विषय एकदम द्यावे लागतात, म्हणजे शेवटचं वर्ष शाळेसारखंच घोकंपट्टीत जातं.

एनआयओएसला वयाची १४ पूर्ण लागतात. किमान ५ विषय, त्यात भाषा आलीच. नोंदणी ५ वर्षं चालते, ९ वेळा परीक्षेला बसता येतं. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा दोन फेऱ्या असतात, एका फेरीत दोनच विषय दिले तरी चालतं. आपल्या चालीनं शिकणाऱ्या पोरांना हेच सोयीचं. माध्यम मराठी घेता येतं, पण निवडलेल्या विषयाचं मराठी पुस्तक फॉर्म भरायच्या आधी हातात घेऊन बघा.

पोरं अडकतात ती टीएमएत, म्हणजे एनआयओएसला लिहून द्यायच्या गृहपाठात. या गृहपाठाला २० टक्के गुण असतात आणि तारीख उलटली की ते बुडाले. पुढे कृषी किंवा इंजिनीअरिंगचा विचार असेल तर गणित-विज्ञान सोडू नका. सोपे विषय घेऊन पास होणं सोपं, अकरावी सायन्सला ते महागात पडतं.

तापी_पल्याड
कायद्याचं सांगतो. शिक्षण हक्क कायदा २००९ हा ६ ते १४ वयोगटासाठी आहे. कलम १० पालकांवर शाळेत घालायचं कर्तव्य टाकतं, पण पालकाला दंड कुठे लिहिलेला नाही. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला गुरुजी दारात येतीलच. त्यांच्याशी हुज्जत घालू नका, पोरीची अभ्यासाची वही दाखवा. उद्या मन बदललं तर कलम ४ प्रमाणे वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो.

भरीत_पार्टी
कागद झाले, आता दिवसाचं. बहुतेक घरांत पहिला महिना उलटायच्या आत भिंतीवर वेळापत्रक लागतं आणि बाप मास्तर होतो. मग शाळा काय वाईट होती? पोर सुरुवातीला नुसतं लोळणार. लोळू द्या, शाळेची सवय सुटायला वेळ लागतो.

केळीची बाग घरचीच आहे ना? ड्रिप तिच्या ताब्यात द्या. दीड बाय दीड मीटरवर लागण असेल तर एकरी साधारण १८०० झाडं. झाडाला तासाला ४ लिटर देणारा एक ड्रिपर, दोन तास मोटर चालली की झाडाला ८ लिटर, एकराला १४,४०० लिटर. आता शेवटच्या झाडाखाली तासभर डबा ठेवून पाणी मोजायला लावा. ४ लिटर भरलं नाही तर का? दाब कमी, की ड्रिपर चोंदला? दोन्ही तिनंच शोधायचं. उत्तर सांगायचा मोह आवरा, एवढंच तुमचं काम.

संध्याकाळी मात्र चार पोरांत पाठवा. एकटं पोर कंटाळतं आणि मोबाइल धरतं.

केळीवाला_यावल
शाळा सोडल्याचा दाखला आत्ताच काढू का?

गिरणाकाठ
काढा आणि जपून ठेवा, १७ नंबरला मूळ दाखला मागतात. जन्मदाखला, आधार, शाळेचा दाखला, तिन्हींवर नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख एकच आहे ना, ते फॉर्मच्या वेळी नाही, या सुट्टीतच बघा. दाखल्यावरची चूक दुरुस्त करायला शाळा सोडल्यावर जास्त खेटे पडतात.