बहिणीचं बीपी वाढलंय, वार नीट रुजली नाही म्हणतात. आईच्या इम्युनिटीचा यात काय संबंध?

राजारामपुरीकर:
धाकटी बहीण बाळंतपणाला माहेरी कोल्हापूरला आलीय, पहिलटकरीण आहे, सातवा संपत आलाय. तपासणीत बीपी १५०/९५ निघालं आणि लघवीत प्रोटीन, डॉक्टरांनी प्रीएक्लॅम्पसिया (गरोदरपणातला बीपीचा आजार) सांगून गोळ्या चालू केल्या. गर्दीत ते एवढंच बोलले की वार (प्लॅसेंटा) सुरुवातीलाच नीट रुजली नसणार, त्यात आईच्या इम्युनिटीचा पण भाग असतो. आता घरात आत्या म्हणते तांबडा रस्सा खाल्ला म्हणून झालं, कोण म्हणतं गाडीवरनं फिरली म्हणून, आणि ती पोरगी नुसती रडालीय. बाळ निम्मं बापाचं असतं, मग आईचं शरीर त्याला परकं समजून ढकलतं का? इम्युनिटी जास्त झाली का कमी पडली? कुणी नीट समजावून सांगा.

बायोटेकवाली_ताई:
दादा, पहिल्यांदा बहिणीला सांगा की यात तिची काही चूक नाही, हा सगळा कारभार पहिल्या चार-पाच महिन्यांतच होऊन गेलेला असतो, रश्श्याचा आणि गाडीचा काही संबंध नाही.

तुमचा प्रश्न शास्त्रज्ञांना पण पडला होता. पीटर मेडावर यांनी १९५३ मध्ये तो मांडला, की दुसऱ्याची कातडी लावली तर शरीर टाकून देतं, मग बाळ नऊ महिने कसं टिकतं? (त्यांना १९६० चं नोबेल मिळालं, ते इम्युनिटीच्याच दुसऱ्या कामाबद्दल.) बरेच दिवस लोक समजत होते की गरोदरपणात आईची इम्युनिटी झोपते, म्हणून बाळ वाचतं. पण तसं नाहीये. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाशयाच्या अस्तरात आईच्या ज्या पांढऱ्या पेशी असतात त्यातल्या साधारण ७० टक्के एनके सेल असतात. एनके म्हणजे नॅचरल किलर, नाव ऐकून भीती वाटते, पण गर्भाशयातल्या या पेशी मारामारी फारशी करत नाहीत, त्या वारेच्या पेशींना जागा करून द्यायला मदत करतात.

वारेच्या ज्या पेशी आत घुसतात त्यांना ट्रोफोब्लास्ट म्हणतात. अवयव बदलताना ज्या एचएलए खुणा जुळवून बघतात, त्यातल्या ए आणि बी या खुणा ट्रोफोब्लास्ट दाखवतच नाहीत, फक्त सी, ई आणि जी दाखवतात. एनके सेलवरचे रिसेप्टर त्या ओळखतात आणि त्यावरनं ठरतं की ट्रोफोब्लास्टनी किती खोलवर जायचं. मग एनके सेल आणि ट्रोफोब्लास्ट दोघी मिळून गर्भाशयातल्या स्पायरल धमन्यांची भिंत बदलतात, तिच्यातला स्नायूचा थर जातो आणि धमनी रुंद, सैल होते. उसाला पाटानं पाणी दिलं की कसं रुंद आणि संथ येतं, तसं बाळाकडं रक्त यायला लागतं. हे काम अर्धवट राहिलं तर धमनी अरुंदच राहते, रक्त जोरात आणि कमी-जास्त येतं, वारेला इजा होते, आणि मग वार एसएफएलटी-१ सारखी प्रोटीनं आईच्या रक्तात सोडते, त्यानं आईच्या रक्तवाहिन्या आणि किडनीवर ताण येऊन बीपी वाढतं. सातव्या-आठव्यात सुरू होणाऱ्या प्रकारात हेच कारण जास्त करून असतं.

केंब्रिजच्या अॅशली मॉफेट यांच्या गटानं २००४ मध्ये दाखवलं की आईच्या एनके सेलवरच्या केआयआर नावाच्या रिसेप्टरचा एक प्रकार आणि बाळाच्या एचएलए-सीचा एक प्रकार एकत्र आले की धोका वाढतो, कारण त्या जोडीत एनके सेलला जोर मिळण्याऐवजी ब्रेक जास्त लागतो. म्हणजे "इम्युनिटी जास्त झाली" हे उलटच आहे. आणि ही जोडी कुणाच्या हातात नसते, ना बहिणीच्या ना दाजींच्या.

वॉर्डातली_सिस्टर:
ताईंनी छान सांगितलं. मी फक्त कामाचं सांगते. डोकं फार दुखणं, डोळ्यापुढं काजवे, बरगडीखाली उजवीकडं दुखणं, तोंड एकदम सुजणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं एक जरी झालं तरी सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा. गोळ्या मनानं बंद करू नका. आणि बाळंतपण झालं की वार पडली, संपलं असं समजू नका, नंतरच्या दिवसांत पण बीपी चढतं. पुढच्या खेपेला आधीच डॉक्टरांना हे सांगायचं, कमी डोसची अॅस्पिरिन १६ आठवड्यांच्या आत सुरू करायची का ते बघतात.

पन्हाळा_रोड:
माझ्या वहिनीचं दोनदा राहून पडलं, तिला रक्तातल्या एनके सेलची टेस्ट करायला सांगितली आणि महागडी सलाईनं लावली. ते बरोबर का मग?

बायोटेकवाली_ताई:
रक्तातल्या एनके सेल आणि गर्भाशयातल्या वेगळ्या, रक्तातला आकडा बघून आत काय चाललंय ते कळत नाही. त्या पेशी दाबायच्या सलाईनचा फायदा सिद्ध झालेला नाही, आणि मुळात ज्या पेशी वार रुजवतात त्याच दाबायच्या हे मला पटत नाही. वहिनींनी दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचं मत नक्की घ्यावं.

राजारामपुरीकर:
लई उपकार झाले ताई. आत्ताच बहिणीला वाचून दाखवलं, आत्याला पण बसवलं होतं. सोनोग्राफीबरोबर डॉप्लर (रक्ताचा प्रवाह बघायचा) लिहिलाय, तो याच धमन्यांचा का?

वॉर्डातली_सिस्टर:
रिपोर्टात यूटेराइन आर्टरी लिहिलं असेल तर ती गर्भाशयाकडं रक्त आणणारी, ताईंनी सांगितलेल्या धमन्या तिच्याच टोकाच्या फांद्या. अंबिलिकल आर्टरी म्हणजे नाळेतली, आता सातव्या-आठव्यात बाळासाठी तीच जास्त बघतात. तारीख चुकवू नका, आणि जाताना आधीचे सगळे रिपोर्ट बरोबर न्या.