नाशिकरोडला ट्रान्सपोर्ट हब झालं तर खरंच फरक पडेल का?

सिडकोकर: मंडळी, 2027 च्या सिंहस्थामुळे हबची, म्हणजे रेल्वे, बस, रिक्षा सगळं एकाच ठिकाणी मिळेल अशा जागेची चर्चा परत सुरू झालीय म्हणून विचारतो. आपल्याकडे रेल्वे नाशिकरोडला, एसटी कुठे सीबीएसला (मध्यवर्ती बसस्थानक) कुठे महामार्ग स्टँडला, पंचवटीत निमाणी स्टँड वेगळंच आणि विमानतळ पार ओझरला. रात्री नऊनंतर पंचवटी एक्स्प्रेसने उतरलं की आधी शेअर रिक्षाने शालिमार, तिथून दुसरी रिक्षा, आणि सोबत आई नि दोन बॅगा असल्या की माणूस सरळ स्पेशल रिक्षा करतो, पुढच्या वेळी तर घरची गाडीच काढतो. नुसती मोठी बिल्डिंग बांधून हे सुटेल का?

जेलरोडची: नाही सुटणार दादा. एसटी स्टँड तर आत्ताही स्टेशनला लागूनच आहे ना. स्टेशनातून बाहेर पडणाऱ्याला पुढची बस किती वाजता आणि कुठे लागणार हे समोर बोर्डावर दिसायला हवं, ट्रेन लेट असेल तर शेवटची बस दहा मिनिटं थांबायला हवी. रेल्वे, एसटी आणि सिटीलिंक (महापालिकेची सिटी बस) तिघांचे मालक वेगवेगळे, ते एका टेबलावर बसल्याशिवाय हे होणं अवघड.

पाथर्डीफाटा: कोचीचं व्हिटिला हब बघा. 2011 ला सुरू झालं तेव्हा मुळात बसचंच होतं, मेट्रो 2019 ला आली नि वॉटर मेट्रो (प्रवासी बोटी) 2023 ला. म्हणजे जागा धरून ठेवायची आणि बसपासून सुरुवात करायची. आपली मेट्रो निओ (रबरी टायरवर चालणारी मेट्रो) 2021 च्या केंद्राच्या बजेटमध्ये आली, 2092 कोटींचा आकडा पण जाहीर झाला, तिच्यासाठी अडून बसण्यात अर्थ नाही.

गंगापूररोड: मला तर वाटतं पहिलं हब गावातच करा. जुनं सीबीएस, मेळा आणि ठक्कर बाजार, तिन्ही स्टँड एकमेकांपासून चालत काही मिनिटांवर. तिथे सलग फुटपाथ, सावली, सिग्नलला चालणाऱ्यांसाठी पुरेसा वेळ आणि एसटी-सिटी बसला चालेल असं एकच कार्ड एवढं द्या, सातपूर-अंबडला कामाला जाणाऱ्यांचं निम्मं टेन्शन जाईल. नाशिकरोड पण पाहिजेच, पण रोज ट्रेन पकडणारे किती नि रोज सीबीएसला बस बदलणारे किती, आधी हे मोजा ना.

सिडकोकर: हे पटलं. मोजणीचं नगरसेवकांकडे मांडायचं तर अर्ज कसा लिहू, कुणाकडे नमुना आहे का?