ठाण्याच्या खाडीचा गाळ नाशिकमध्ये तपासायचाय, जीव कोणते वापरू?

नासर्डीकाठची
नमस्कार. मी नाशिकमध्ये पर्यावरणशास्त्रात एम. एस्सी. करतेय, शेवटचं वर्ष. ठाण्याच्या खाडीतून ओहोटीला काढलेला गाळ आणलाय. जस्त, तांबं, शिसं, कॅडमियमचे आकडे हातात आहेत. मॅडम म्हणतात, "आकडे झाले, आता या गाळात जीव तगतो का ते दाखव." समुद्री ॲम्फिपॉड (कोळंबीसारखे बारीक जीव) इथे कुठून आणू? विभागात डॅफ्निया (पाणपिसवा) आहेत. गाळ पाण्यात ढवळून, निवळलेल्या पाण्यात त्या ४८ तास ठेवल्या तर चालेल का? गाळ आधी धुवून मीठ काढ, असं एकजण म्हणाला.

सातपूरकर
डॅफ्नियाची ४८ तासांची चाचणी मान्यताप्राप्त आहे, ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची पद्धत क्र. २०२. हातात जे आहे त्यावर करून मोकळी हो.

भरतीओहोटी
सातपूरकर, ती चाचणी पाण्यात विरघळलेल्या रसायनांसाठी आहे. इथे प्रश्न गाळाचा आहे.

पोरी, गाळ धुवू नकोस. किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेत मी आयुष्यभर हेच काम केलं, आता इंदिरानगरला असतो, म्हणून हक्काने सांगतो. डॅफ्निया गोड्या पाण्याची. खाडीचं खारेपण एकटंच तिला मारेल आणि ते मरण तू कॅडमियमच्या नावावर मांडशील. धुतलास तर आणखी पंचाईत. खाडीच्या काळ्या गाळात सल्फाइड असतं, ते तुझ्या या चारही धातूंना बांधून ठेवतं. हवा लागली की सल्फाइडचं ऑक्सिडीकरण होतं आणि धातू मोकळे सुटतात. म्हणूनच एकूण धातू सारखे असलेल्या दोन गाळांपैकी एकात प्राणी जगतात, दुसऱ्यात मरतात. तुझ्या मॅडमना आकड्यांपलीकडचं हेच हवंय, आणि त्यांचं अगदी बरोबर आहे. गाळ डबा काठोकाठ भरून, अंधारात, ४ अंशांवर ठेव. गोठवू नकोस.

समुद्री चाचणीत ॲम्पेलिस्का, लेप्टोकायरससारखे ॲम्फिपॉड वापरतात, कारण ते गाळातच घर करतात. लिटरभराच्या बीकरमध्ये तळाशी १७५ मिली गाळ, वर खारं पाणी, २० प्राणी. असे पाच बीकर. १० दिवस खायला काही द्यायचं नाही, मग गाळ चाळून जिवंत किती ते मोजायचे. सोबत स्वच्छ गाळाचेही बीकर लागतात, आणि त्यात ९० टक्के जगले नाहीत तर सगळी चाचणी रद्द. नवी मुलं घाण गाळातली मेलेली मोजायला धावतात. मी आधी स्वच्छ गाळाचे बीकर बघायचो.

अमोनिया मात्र पहिल्या दिवसापासून मोज. सांडपाण्याच्या गाळात तो तयार होतोच आणि एकटा प्राणी मारू शकतो. शंका आली तर एका जोड बीकरमध्ये झिओलाइट (अमोनिया शोषणारं खनिज) घाल. तिथे प्राणी वाचले, तर मारणारा बहुधा अमोनिया होता, धातू नव्हे.

माझं ऐकशील तर खाडी सोड. तुझी नासर्डी नदी सातपूर-अंबडच्या कारखान्यांजवळून आगरटाकळीकडे जाते, त्या वाटेवरचा गाळ घे. तुलनेला गंगापूर धरणाच्या बाजूचा घे, फक्त कणांची जाडी जुळती बघ. प्राणी म्हणून कायरोनोमसच्या (डासासारख्या, पण न चावणाऱ्या माशीच्या) लाल अळ्या. त्याही गाळात राहतात आणि गोड्या पाण्याच्या आहेत. प्रदूषित गाळासाठी अळ्यांची १० दिवसांची पद्धत ठरलेली आहे: बीकरला १० अळ्या, १०० मिली गाळ, १७५ मिली पाणी, २३ अंश. पाणी रोज दोनदा बदलायचं, खाणं थोडं रोज. यात स्वच्छ गाळातल्या ७० टक्के जगल्या पाहिजेत. शेवटी वाळवून वजनही कर. मरण दिसत नाही तिथे वाढ खुंटलेली दिसते.

नासर्डीकाठची
काका, मनापासून आभार. गाळाला हवा लागू द्यायची नाही हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. लाल अळ्या नासर्डीतच भरपूर दिसतात, त्याच घेऊ का?

भरतीओहोटी
नको. घाणीत टिकून राहिलेल्या त्या, तुझा गाळ सोसतील आणि निकाल खोटा दिलासा देईल. शिवाय त्यांचं वय कळणार नाही. धरणाकडच्या एखाद्या स्वच्छ डबक्याच्या कडेला अंड्यांचे जेलीसारखे पुंजके शोध आणि घरीच वाढव. अळ्या दुसऱ्या-तिसऱ्या अवस्थेत (एकदोनदा कात टाकून) आल्या की घ्यायच्या. त्याच तुकडीतल्या काही वेगळ्या अळ्यांवर कॅडमियम क्लोराइडची ९६ तासांची चाचणी सोबत लाव, म्हणजे तुझी तुकडी नेहमीइतकी संवेदनशील आहे की नाही ते कळेल.

गंगापूर रोडवरून
२३ अंश मेमध्ये इथे एसीशिवाय जमणार नाही. आमच्याकडे बीकर पाण्याच्या टबात ठेवून पाणी थंड करणारं यंत्र लावतात, वीज गेली तरी तापमान लगेच चढत नाही.

भरतीओहोटी
टबाचा उपाय उत्तम. मुली, अंडी मिळाली की फोटो टाक, पुढचं तेव्हा बघू. आणि नासर्डीत उतरशील तेव्हा गमबूट, हातमोजे घाल.