मदत हवी आहे : रेसट्रॅकवरच्या ख्रिस्ती सेवागटाला आलेलं दान आणि स्पॉन्सरशिप वेगळी कशी ठेवायची?

धागा सुरू करणारी : नगरची_लेक

नमस्कार. अमेरिकेत लहान संस्थांचे हिशेब सांभाळणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून हक्काने विचारते आहे. प्रश्न लांबलाय, पण कृपया शेवटपर्यंत वाचा.

मी मूळची अहमदनगरची (आता अहिल्यानगर), राहायला नॉर्थ कॅरोलायनात शार्लटजवळ. हा सगळा पट्टा स्टॉक कार रेसिंगचा (नेहमीच्या मोटारींसारख्या दिसणाऱ्या गाड्यांच्या शर्यतींचा). नामवंत ड्रायव्हर डेल अर्नहार्टचं कॅनापोलिस इथलंच, आणि मूर्सव्हिलला तर 'रेस सिटी' म्हणतात. शर्यतीआधी प्रार्थना होते याचं इथे कुणाला नवल वाटत नाही. नॅसकार या स्टॉक कार शर्यती भरवणाऱ्या संघटनेच्या मोठ्या शर्यतींत 'मोटर रेसिंग आउटरीच' ही संस्था ड्रायव्हर, मेकॅनिक आणि त्यांच्या घरच्यांसाठी उपासना घेते. १९८८ साली पाळक मॅक्स हेल्टन यांनी ती सुरू केली. रविवारी शर्यत असली की या लोकांना चर्च गाठता येत नाही, म्हणून चर्च त्यांच्याकडे जातं.

आमचा गट फार लहान, सतरा-अठरा जणांचा. शनिवारी रात्री आम्ही जवळच्या छोट्या ट्रॅकवर असतो. कॉफी, हॉट डॉग, मुलांसाठी रंगवायची पुस्तकं, कुणाला अपघात झाला तर हॉस्पिटलात सोबत. गाड्या सुटण्याआधी आमचे चॅप्लेन (ट्रॅकवर सेवा करणारे पाळक) एकेका ड्रायव्हरकडे जातात. तो पट्ट्यांत करकचून बांधलेला, हेल्मेट चढवलेलं. खिडकीची जाळी लावायच्या आधी चॅप्लेन हात आत घालून त्याच्या खांद्यावर ठेवतात आणि वीसेक सेकंद प्रार्थना करतात. मागच्या मोसमात एक पोरगा मला म्हणाला, आठवडाभरात माझ्या खांद्यावर कुणी हात ठेवतं ते एवढंच. या कामावर माझा जीव आहे, म्हणून पैशाचा घोळ मला सहन होत नाही.

जानेवारीपासून खजिनदारी माझ्याकडे आली. आधीच्या माणसांनी मन लावून काम केलं, पण सगळं एकाच खात्यात आणि एकाच वहीत. आमच्या कॉफीच्या टेबलावर पाच गॅलनची पांढरी बादली असते, झाकणाला फट पाडलेली. गेल्या ऑगस्टमध्ये त्यातले पैसे गटातल्या एका भावांनी ट्रेलरमध्ये एकट्याने मोजले. चिठ्ठीवर ४१२ डॉलर लिहिले, सोमवारी बँकेत भरले ३७२. चाळीस डॉलर कुठे गेले ते कळलं नाही. त्यांना तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण सगळे गप्प राहिले हेच त्यांना लागलं. सोळा वर्षं ट्रॅकवर येणारा माणूस, यायचा बंद झाला.

आता समोर तीन भानगडी आहेत. एक टायरवाले ३,००० डॉलरचा चेक द्यायला तयार आहेत. त्यांना आमच्या ट्रेलरवर लोगो हवाय, त्याखाली 'गावातले सगळ्यात स्वस्त टायर' ही ओळ हवीय, आणि वर पूर्ण ३,००० ची दानाची पावतीही हवीय. दुसरं, आमच्या कमिटीतल्या एकांचा मुलगा स्वतः गाडी चालवतो. त्याच्या आजीने आमच्या संस्थेच्या नावे ५०० डॉलरचा चेक पाठवलाय आणि खाली लिहिलंय, 'नातवाच्या टायरसाठी'. तिलाही पावती हवी. तिसरं, एक निवृत्त रेसर आपली जुनी 'लेट मॉडेल' (हा शर्यतीच्या गाडीचा एक प्रकार) आम्हाला देतायत. म्हणतात, पावतीवर १८,००० किंमत टाका.

तिघेही चांगली माणसं आहेत. कुणाला दुखवायचं नाही, पण खोटंही लिहायचं नाही. काय करू?

---

ताळेबंद : ताई, आधी एक सांगा. संस्था स्वतंत्र ५०१(सी)(३), म्हणजे करमाफी असलेली धर्मादाय संस्था आहे, की एखाद्या चर्चच्या छत्राखाली? वर्षाची जमा किती? आणि वार्षिक विवरण भरलं जातं का?

नगरची_लेक : स्वतंत्र आहे. तीन वर्षांपूर्वी १०२३-ईझेड हा करमाफीचा छोटा अर्ज भरून मान्यता मिळाली. जमा साधारण ३८,००० डॉलर. विवरणाचं कालच शोधलं. पहिल्या वर्षी ९९०-एन (लहान संस्थांचं वार्षिक विवरण) भरलाय, नंतरची दोन वर्षं राहिलीत. मला धडकीच भरली.

ताळेबंद : धडकी भरू द्या, पण वेळ गेलेली नाही. जमा साधारण ५०,००० च्या आत असेल तर ९९०-एन पुरतो, ऑनलाइन दहा मिनिटांचं काम. मात्र सलग तीन वर्षं काहीच भरलं नाही तर करमाफीचा दर्जा आपोआप रद्द होतो, मग पुन्हा अर्ज आणि शुल्क. तुमची दोन गेलीत. तिसरं चुकवू नका. आज रात्री टायरवाल्यांचा विचार बाजूला ठेवा आणि हे आधी करा. चर्चना हे विवरण भरावं लागत नाही, त्यामुळे चर्चमधून आलेल्या माणसांच्या लक्षातच येत नाही की सेवागटाला भरावं लागतं. ही चूक मी अनेकदा पाहिली आहे.

आता टायरवाले. करकायद्याच्या कलम ५१३ मध्ये १९९७ साली प्रायोजकत्वाची तरतूद आली. व्यापाऱ्याने पैसे दिले आणि बदल्यात तुम्ही फक्त त्याचं नाव, लोगो, पत्ता, फोन, वेबसाइट दाखवलीत, तर तो कृतज्ञतेचा उल्लेख. त्या पैशावर संस्थेला कर नाही. पण तुलना आली, किंमत आली, 'इथूनच घ्या' असा आग्रह आला किंवा तुमची शिफारस आली की ती जाहिरात. 'सगळ्यात स्वस्त' या दोन शब्दांत तुलनाही आहे आणि किंमतही. आणि एकाच मजकुरात उल्लेख आणि जाहिरात मिसळली तर तो सगळा मजकूर जाहिरात धरला जातो. म्हणजे ती एक ओळ लोगोलाही बुडवते.

आणखी दोन गोष्टी करारात येऊ देऊ नका. 'स्टँडमध्ये इतके लोक जमले तर इतके पैसे' अशी अट, आणि 'तुमच्या कार्यक्रमात फक्त आमचाच माल' अशी अट. 'आमचे एकमेव प्रायोजक' म्हणायला हरकत नाही, पण दुसऱ्याचा माल अडवायचं कबूल केलंत तर तो मोबदला झाला.

जाहिरातीचं उत्पन्न वर्षाला १,००० डॉलर किंवा जास्त झालं तर ९९०-टी (अशा धंद्याच्या उत्पन्नाचं करविवरण) भरायचा प्रश्न येतो. सगळं काम बिनपगारी स्वयंसेवक करत असतील तर सुटकेची वेगळी वाट आहे, पण तिच्या भरवशावर मजकूर लिहू नका. मजकूरच सरळ ठेवा.

पिटलेन : टायरवाल्यांशी बोलताना एक विचारा : तुम्हाला गिऱ्हाईक हवंय की देवाच्या कामाला हातभार लावायचाय? दोन्ही प्रामाणिक आहेत. इंटरस्टेट बॅटरीज या कंपनीचं नाव १९९२ पासून जो गिब्ज रेसिंग या संघाच्या गाडीवर होतं, आणि १९९३ मध्ये ड्रायव्हर डेल जॅरेटने त्याच गाडीवर नॅसकारची डेटोना ५०० ही मोठी शर्यत जिंकली. कंपनीचे नॉर्म मिलर आपल्या विश्वासाबद्दल उघड बोलणारे. तरी गाडीवरचं नाव ही धंद्याची जाहिरातच होती, आणि त्यात काही कमीपणा नव्हता. टायरवाल्यांना तो पैसा धंद्याचा खर्च म्हणूनही दाखवता येईल. बऱ्याच दुकानदारांना हे माहीतच नसतं, त्यांना वाटतं दानाची पावती मिळाली तरच फायदा.

ताळेबंद : बरोबर. पावतीवर जे घडलं तेवढंच लिहा : इतकी रक्कम मिळाली, ट्रेलरवर नाव आणि लोगो दाखवला. ते दान की धंद्याचा खर्च, हे त्यांचा सीपीए (हिशेब तपासनीस) ठरवेल.

कोकणकडा : एवढा काथ्याकूट कशाला? लहान गट आहे. सगळं दान म्हणून लिहा, कोण बघायला येतंय?

नगरची_लेक : दादा, राग मानू नका, पण हेच मला नकोय. माझे वडील नगरला मंडळीच्या पंचकमिटीत होते. उपासनेनंतर अर्पणाची थैली दोघांनी मिळून मोजायची, दोघांनी वहीत सही करायची, मगच घरी जायचं. पावसात वीज गेली तर कंदिलाच्या उजेडात. एकदा मी विचारलं, तुमच्यावर कुणाचा विश्वास नाही का? ते म्हणाले, विश्वास आहे तो तसाच राहावा म्हणून दोघं. बायबलमधल्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात प्रेषित पौल वर्गणीसोबत एकट्याला पाठवत नाही, बरोबर माणसं देतो, कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून. ते वडिलांना पाठ होतं. ऑगस्टमध्ये आमच्या ट्रेलरमध्ये दुसरा माणूस असता तर ते भाऊ आज आमच्यात असते.

अबोली_टेक्सास : ताई, तुमच्या वडिलांचीच पद्धत मी इथल्या चर्चमध्ये नऊ वर्षं वापरतेय. दोघं मोजणारे, आणि ते एका घरातले नकोत, नवरा-बायको तर नकोतच. मोजायचं जागेवरच, बादली हलवायच्या आधी. नोटांची फोड लिहायची : वीसच्या किती, पाचच्या किती, एकच्या किती, नाणी किती. नुसता आकडा लिहिला की चूक सापडत नाही. फोड असली की वीसच्या दोन नोटा कुठे राहिल्या ते दिसतं. (तुमचे चाळीस डॉलर मला तसेच वाटतात. वीसच्या दोन नव्या नोटा एकमेकींना चिकटल्या तर मोजणी तिथेच चुकते.) मग सीलबंद पिशवी, वर दोन सह्या, आणि त्याच रात्री बँकेबाहेरच्या जमापेटीत. बँकेचं स्टेटमेंट तिसऱ्याने तपासायचं. खजिनदाराने मोजायचं नाही, म्हणजे तुम्हीसुद्धा नाही.

टेबलावर क्यूआर कोडही लावा. त्याची नोंद आपोआप होते. पण बादली काढू नका. एक-एक डॉलर टाकणारी मुलं असतात.

ताळेबंद : वेगळं खातं उघडणं कायद्याने बंधनकारक नाही, पण वहीत तीन रकाने हवेत : सर्वसाधारण दान, ठरावीक कामासाठी दिलेलं दान, प्रायोजकत्व. हॉस्पिटल-भेटींच्या प्रवासासाठी दिलेले पैसे कॉफीवर खर्च करायचे नाहीत. २५० डॉलर किंवा जास्त दान आलं तर लेखी पावती हवीच, आणि बदल्यात काही दिलं की नाही हे तिच्यावर स्पष्ट हवं. ७५ डॉलरहून जास्त घेऊन जेवण वगैरे दिलं तर त्याची अंदाजी किंमतही सांगावी लागते. १०० डॉलरच्या तिकिटावर ३५ चं जेवण असेल तर दान ६५ चं.

तुमचे स्वयंसेवक ट्रेलर ओढत नेतात ना? स्वतःच्या गाडीच्या मैलांची नोंद ठेवायला सांगा. धर्मादाय कामासाठी मैलाला १४ सेंट धरता येतात, खर्च परत घेतला नसेल तर. वेळेची मात्र वजावट नाही.

जुनी गाडी : पावतीवर किंमत लिहायचं काम तुमचं नाही. वर्ष, बनावट, चासी क्रमांक, अवस्था, मिळाल्याची तारीख, बदल्यात काही दिलं नाही, इतकंच. किंमत दात्याने सिद्ध करायची. दान दिलेल्या मोटारीसाठी १०९८-सी हा फॉर्म असतो, पण तो सार्वजनिक रस्त्यांसाठी बनवलेल्या वाहनांचा. लेट मॉडेल फक्त ट्रॅकसाठी बांधलेली असते, त्यामुळे ती साध्या वस्तुदानात मोडते. वजावट ५,००० च्या वर मागायची असेल तर त्यांना पात्र मूल्यांकनकाराचा अहवाल आणि ८२८३ फॉर्म लागेल, त्यावर तुमची सही येईल. आणि ती तुम्ही तीन वर्षांच्या आत विकलीत तर १२५ दिवसांत ८२८२ भरून विक्रीची किंमत कळवावी लागते. १८,००० सांगितलेली गाडी ७,००० ला गेली तर ते सरकारला दिसणार. हे त्यांना आधीच सांगा.

पिटलेन : आणि गाडी ठेवणार कुठे, विमा कोण भरणार, तेही बघा. दान नाकारणं हा अपमान नसतो. त्यांनी स्वतः विकून पैसे दिले तर सगळ्यांचीच सोय होते.

नगरची_लेक : हे तर डोक्यातच आलं नव्हतं. खूप आभार. आजीबाईंचं काय? मला तेच सगळ्यात अवघड वाटतंय.

ताळेबंद : तेच सगळ्यात सोपं आहे, फक्त मनाला जड. ठरावीक माणसासाठी दिलेले पैसे संस्थेला दिलेलं दान होत नाहीत. त्यावर दानाची पावती देता येणार नाही. शिवाय तो मुलगा कमिटीच्या सदस्याचा. संस्थेचा पैसा घरातल्या माणसाकडे गेला असं होईल, आणि ते दर्जावर बेतू शकतं. चेक परत करा. आजीने नातवाला थेट द्यावेत, ती आजीची भेट. आणि यापुढे ड्रायव्हरचे टायर, प्रवेश फी संस्थेच्या खात्यातून बंद. त्या सदस्यांना हे आधी तोंडी सांगा, पत्रातून कळू देऊ नका.

नगरची_लेक : ९९०-एन काल रात्री भरला. टायरवाल्यांकडेही जाऊन आले. 'स्वस्त'ची ओळ काढायला ते लगेच तयार झाले. म्हणाले, लोगो चाकाएवढा मोठा करा म्हणजे झालं. कमिटीतल्या त्या भावांशी बोलले. थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, आईला मीच फोन करतो. पत्र मात्र मलाच लिहायचंय. तुम्ही कुणी मसुदा सुचवाल का? मी इंग्रजी करीन.

अबोली_टेक्सास : असं लिहा : "आदरणीय आजी, तुमचा ५०० डॉलरचा चेक मिळाला. नातवावरचं तुमचं प्रेम त्यात दिसतं. एका व्यक्तीसाठी दिलेली रक्कम संस्थेला दान म्हणून ठेवता येत नाही, म्हणून चेक सोबत परत पाठवत आहे. तुम्ही तो थेट त्याला द्यावा. दर शनिवारी शर्यतीआधी आमचे चॅप्लेन त्याच्या गाडीजवळ जातात आणि त्याच्यासाठी प्रार्थना करतात. त्यासाठी कुणी काही द्यावं लागत नाही."

नगरची_लेक : शेवटच्या दोन ओळींनी डोळे भरून आले. हेच लिहून उद्या पोस्टात टाकते. आणि ऑगस्टपासून न आलेल्या त्या भावांना आज संध्याकाळी फोन करतेय. मोजणीला दुसरा माणूस लागणार आहे, तो त्यांनीच व्हावं असं विचारणार आहे.